हातातली माती

१५४२ च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, मुलांना आणि गुलामांना गोळा करून देवळात नेत आणि धर्माची सूत्रे त्यांच्याकडून म्हणवून घेत. सूत्रे सोपी, चालीवर म्हणता येतील अशी असत. ख्रिस्ती शास्त्रातल्या गोष्टी आपल्याकडे मुलांपर्यंत कशा पोहोचल्या, हा इतिहास बहुधा या घंटेपासून आणि पाठांतरापासून सांगितला जातो. तो कानांचा आणि जिभेचा इतिहास आहे. मुलांच्या हातांचाही एक इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात सुखाची नाही.

१५ जानेवारी १५४४ रोजी झेवियर यांनी कोचीनहून एक पत्र लिहिले. दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत आपण मुलांना कसे शिकवतो, हे त्यात आहे. शिकलेली मुले घरी जाऊन आईबापांना शिकवत. कुठे मूर्तिपूजा चालली आहे हे कळले, की ती पाद्रींबरोबर तिथे जात आणि मातीच्या लहान मूर्ती फोडून पायाखाली तुडवत. झेवियर हे कौतुकाने सांगतात. ज्या वयात हात मातीत घालायचे, त्या वयात या मुलांना मातीचे मोडायला शिकवले गेले.

मुलांच्या हातांना घडवायला लावणारी रीत त्याआधीही युरोपात होती. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिस यांनी गवताने भरलेली गव्हाण मांडली आणि तिच्याशी खरे बैल-गाढव उभे केले. गोष्ट ऐकवण्याऐवजी लोकांना गोठ्यात आणून उभे करायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे या मांडणीच्या लहान प्रतिकृती घराघरांत होऊ लागल्या आणि समुद्रमार्गे आपल्याकडेही आल्या. कोकणीत तिला ‘गोठो’ म्हणतात, मराठीत ‘गव्हाण’, तर कन्नड बायबलमधला शब्द आहे ‘गोदली’. तिन्ही शब्द गुराढोरांच्या घरातले. येशूच्या जन्माचे भाषांतर करायला इथे नवा शब्द घडवावा लागला नाही. मुलाला तो शेणाच्या वासासकट ठाऊक होता.

शब्दांच्या बाजूनेही असे काम झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्लिश जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी आयुष्याचा मोठा भाग सासष्टीत घालवला. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी बायबलची कथा पुराणासारखी लावली. याच सासष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि जुन्या पुराणांना बंदी होती. पोकळी आधी सत्तेने केली आणि ती ओव्यांनी भरायची होती, हे विसरून त्या ओव्यांचे कौतुक करता येत नाही. तरी एक फरक उरतो. ओवी ऐकणाऱ्याला ग्रंथ तयार मिळतो. गव्हाण मात्र दर वर्षी नव्याने करावी लागते, आणि ती करतात मुले.

कशी करतात ते पाहा. गोव्यात आणि किनाऱ्यालगतच्या गावांत सणाच्या दहा-बारा दिवस आधी मुले पसरट भांड्यात माती घालून नाचणी पेरतात. रोज पाणी शिंपडायचे, उन्हाचा अंदाज घ्यायचा. नाताळपर्यंत बोटभर हिरवे गवत उभे राहते, आणि तेच बेथलेहेमचे कुरण होते. मराठी घरातल्या मुलाला हे सांगावे लागत नाही. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर अळीव पेरून तो हेच करतो. नवरात्रात घटाखालच्या मातीत धान्य पेरलेले त्याने पाहिलेले असते. बंगळूरच्या घरांत दसऱ्याला बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात, आणि त्यांच्या शेजारी मुले बाग करतात. शिवाजी, राम आणि येशू अशा तिघांच्या कथा मुले एकाच रीतीने शिकतात: मातीत बोटे घालून.

ही रीत पाठांतराहून वेगळे काय करते? ती मुलाला निर्णय घ्यायला लावते. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. बैल आणि गाढव नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानात ज्ञानी लोक पूर्वेकडून येतात, पण ते किती होते हे लिहिलेले नाही. तरी गव्हाण मांडणाऱ्याला ठरवावे लागते, की जनावरे किती, कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला दाराशी ठेवायचे. सूत्र म्हणणारे मूल चुकते किंवा बरोबर असते. गव्हाण मांडणारे मूल अर्थ लावते.

विसाव्या शतकात याच गोष्टीला शिक्षणशास्त्राचा आधार मिळाला. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्याआधी बार्सिलोनात त्यांनी मुलांच्या उंचीचे सामान मांडून धर्मशिक्षणाचे प्रयोग केले होते. तोच धागा धरून रोममध्ये १९५४ पासून बायबलच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती आणि शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी काम सुरू केले. लाकडी मेंढपाळ, लाकडी मेंढ्या, एक कुंपण. शिक्षिका गोष्ट थोडक्यात सांगते आणि बाजूला होते. मूल मेंढ्या आत-बाहेर करत बसते. परीक्षा नसते.

बंगळूरला हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ मध्ये, फादर डी. एस. अमलोरपवदास यांच्या पुढाकाराने इथे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना केंद्र उभे राहिले. देशभरातून धर्मशिक्षक इथे शिकायला येत. १९६९ मध्ये रोमने उपासनेत आरती, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार अशा बारा बदलांना मान्यता दिली. पुण्यात १९४४ मध्ये जन्मलेले चित्रकार ज्योती साही यांनी या केंद्रासाठी काम केले. शहराबाहेर सिल्वेपुरा गावात ते राहिले, आणि तिथेच त्यांच्या पत्नी जेन साही यांनी १९७५ मध्ये सीता शाळा सुरू केली. ती धर्मशिक्षणाची शाळा नव्हती; पण गावातली मुले माती, चित्र आणि हस्तकलेतून शिकू शकतात, हा तिचा पाया होता.

या सगळ्यावर दोन बाजूंनी टीका झाली. काही कॅथलिकांना हे चर्चचे हिंदूकरण वाटले. दुसरी टीका अधिक खोल होती. १९८१ मध्ये बंगळूरच्याच युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी आपल्या भाषणात विचारले, की भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे मांडले जाते ते नेमके कोणाचे? त्यात ब्राह्मणी परंपरा भरपूर होती. इथल्या चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचे जगणे मात्र त्यात नव्हते. दलित ख्रिस्ती विचाराची सुरुवात या प्रश्नातून झाली.

मुलांच्या गव्हाणीपुढे हाच प्रश्न ठेवून पाहावा. समई आणि कमळ घातले म्हणून ती इथली होत नाही. या गोष्टीतला बाप सुतार आहे, पहिली वार्ता रात्रीची राखण करणाऱ्या मेंढपाळांना मिळते, आणि बाळाला जागा मिळते ती जनावरांच्या चाऱ्यात. ज्यांच्या घरात गवंडीकाम, कुंभारकाम किंवा गुरे राखण्याचे काम चालत आले, त्या मुलांना यातले बरेच कुणी शिकवावे लागत नाही. माती किती भिजवायची, पेंढा कसा बांधायचा, हे तेच शिक्षिकेला सांगू शकतात. रविवारच्या वर्गात असे मूल मागच्या रांगेत बसत असेल, तर गव्हाण करण्याच्या दिवशी ते पुढे येते.

म्हणूनच आता बाजारात मिळणाऱ्या तयार संचांकडे नुसती सोय म्हणून पाहता येत नाही. छापील आकृत्या, प्लास्टिकचे बर्फ, ठरलेल्या जागी चिकटवायचे ठरलेले तीन राजे. त्यात हात गुंततात, पण ठरवायचे काहीच उरत नाही. हातांनी म्हटलेले ते पाठांतरच. १५४४ च्या त्या मुलांनाही हातांनी काय करायचे हे कुणीतरी आधीच ठरवून दिले होते. नाचणी पेरलेले भांडे मात्र रोज पाहावे लागते, आणि कुरण कुठवर पसरवायचे हे पेरणारे मूलच ठरवते.