व्यवसाय-मार्गदर्शन आणि प्रौढ उमेदवार

व्यवसाय-मार्गदर्शन म्हटले की शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर उभा असलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो. या चळवळीच्या प्रारंभी स्थिती वेगळी होती. जानेवारी १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स याने बोस्टन येथे 'व्होकेशन ब्यूरो' उघडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील अहवालात सल्ल्यासाठी आलेल्या ८० स्त्रीपुरुषांचा उल्लेख असून त्यांची वये १५ पासून ७२ पर्यंत होती. चुकीच्या व्यवसायात पडलेल्या प्रौढास तेथे विद्यार्थ्याइतकेच स्थान होते.

त्याचे कारण पार्सन्सच्या चरित्रात व त्याच्या कार्यालयाच्या जागेत सापडते. कॉर्नेल विद्यापीठातून तो स्थापत्यशास्त्र शिकून बाहेर पडला. पण ज्या रेल्वे कंपनीत त्याला काम मिळाले तीच १८७३ च्या मंदीत बुडाली. त्यानंतर लोखंडाच्या कारखान्यात मजुरी, शाळेत मास्तरकी, वकिली, कायद्याच्या पाठ्यपुस्तकांचे लेखन, महाविद्यालयीन अध्यापन, आणि १८९५ मध्ये बोस्टनच्या महापौरपदाची उमेदवारी (तीही अयशस्वी), असे अनेक मार्ग त्याने चोखाळले. ब्यूरोचे कार्य चालले ते 'सिव्हिक सर्व्हिस हाउस' या वसाहतगृहात. नॉर्थ एंड या भागातील स्थलांतरित मजूर रात्रवर्गासाठी तेथे येत. हे सर्व पोटापाण्यास आधीच लागलेले लोक होते.

पार्सन्सची पद्धती साधी होती. उमेदवाराने आपली अभिरुची, पात्रता व मर्यादा ओळखावी. निरनिराळ्या व्यवसायांतील परिस्थिती, वेतन व संधी यांची माहिती मिळवावी. आणि मग या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. यासाठी शंभराहून अधिक प्रश्नांची एक यादी तो उमेदवाराच्या हाती देई. मुलाखतीत उमेदवाराच्या डोक्याच्या ठेवणीचेही तो निरीक्षण करी! त्या काळच्या शास्त्राभासाचा हा अवशेष सोडला, तर प्रौढाच्या दृष्टीने त्यात एक मोठा गुण होता. पूर्वी केलेल्या कामाचा अनुभव त्या पद्धतीत पुराव्यासारखा वापरता येई. पंधरा वर्षांच्या मुलापाशी तो पुरावा असणार कोठून?

पार्सन्स सप्टेंबर १९०८ मध्ये वारला आणि 'चूझिंग अ व्होकेशन' हा त्याचा ग्रंथ १९०९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास बोस्टनच्या शालेय मंडळाने ब्यूरोचे साहाय्य मागितले, आणि मार्गदर्शनाचे केंद्र शाळेकडे सरकले. १९१७ मध्ये ब्यूरो हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षण विभागात गेले. यात कोणाचा प्रौढांविषयी आकस होता असे मानण्याचे कारण नाही. शाळेत विद्यार्थी आयता जमलेला असतो, शिक्षक मिळतो, आणि खर्चाची सोय होते. प्रौढाची कोणतीच संस्था पालक नसते. त्याच्या मालकाला तर त्याने नोकरी बदलावी ही कल्पनाच अप्रिय.

यापुढे प्रौढाची आठवण झाली ती बहुधा संकटकाळी. १९३१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात बेकार कामगारांच्या पात्रतेच्या चाचण्या सुरू झाल्या; १९३३ मध्ये न्यूयॉर्क शहरात बेकार प्रौढांसाठी विनामूल्य सल्लासेवा निघाली, ती पुढील वर्षीच बंद पडली. जो नोकरीत आहे परंतु तीत रमत नाही, असा मनुष्य या योजनांच्या कक्षेबाहेरच राहिला.

हिंदुस्थानातील इतिहास या बाबतीत अधिक विलक्षण आहे. येथील सेवायोजन कार्यालये जुलै १९४५ मध्ये निघाली ती सैन्यमुक्त जवानांसाठी, म्हणजे एक व्यवसाय सोडून दुसऱ्यात शिरणाऱ्या प्रौढांसाठीच. १९४८ मध्ये ती सर्वांस खुली झाली, १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला, आणि कालांतराने पहिली नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या रांगा हेच त्यांचे मुख्य चित्र बनले. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्ये व राज्य सरकारने १९५० मध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाची केंद्रे काढली. परंतु या कार्याचा ओघ पुढे शाळांकडेच राहिला. सेवायोजन कार्यालयांच्या नोंदपटात काही नोकरदारही असत. अर्थशास्त्रज्ञांनी त्यांची दखल घेतली ती मुख्यतः बेकारीचा आकडा फुगवणारा दोष म्हणून! नोकरीतला मनुष्य बदल शोधतो आहे, ही माहिती स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

या उपेक्षेची किंमत गिरणगावात दिसली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुष्कळांना पुन्हा कामावर जाता आले नाही, आणि पुढे गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. वीस-पंचवीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला कामगार निरुद्योगी मानला गेला. यंत्राची दुरुस्ती, सुताची पारख, पाळीची शिस्त ही त्याच्या ठायी असलेली विद्या कोणत्या दुसऱ्या धंद्यात उपयोगी पडेल, हे त्याच्यासमवेत बसून पाहणारी व्यवस्था उभी नव्हती. १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापिला; बंद वा पुनर्रचित उद्योगांतील कामगारांचे पुनःप्रशिक्षण व पुनर्नियोजन हा त्याचा एक घोषित उद्देश होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश रक्कम सार्वजनिक क्षेत्रातील स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईत खर्ची पडली. मुंबईतील खाजगी गिरण्यांच्या कामगारांपैकी अनेकांनी भाजीची गाडी, पहारेकऱ्याची नोकरी किंवा कोकणातील गावाची वाट धरली. आणि ती निवड करताना त्यांना सल्ला मिळाला तो चाळीतल्या शेजाऱ्याचा व गाववाल्याचा.