हायस्कूल चालविणारे हात

कोणत्याही शिक्षणसंस्थेची स्मरणिका उघडली की प्रथम दाते, मग विश्वस्त, त्यानंतर मुख्याध्यापक आणि गुणवंत विद्यार्थी यांची छायाचित्रे दिसतात. ती असावीतही. मात्र वेळेवर घंटा देणारा शिपाई, जनरल रजिस्टर सुवाच्य अक्षरात लिहिणारा लिपिक, प्रयोगशाळेतील काचसामान धुऊन पुसून ठेवणारा परिचर हे बहुधा शेवटच्या पानावरील समूहचित्रात, मागच्या रांगेत उभे असतात. शाळेतील ही कामे कोणी करायची, हा प्रश्न ज्यांनी मुळापासून हाताळला ते पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजात जन्मलेले. म्हणून त्यांच्या साताऱ्यातील कार्याकडे या एका दृष्टीने पाहावे, असे वाटते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्या समाजातील गौरवपर लेखांत हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो उरकण्याजोगा नाही. वसतिगृहात पाणी कोणी भरायचे, चुलीपाशी कोणी जायचे, कोणाच्या हातचे खायचे, हे प्रश्न वरकरणी व्यवस्थापनाचे दिसले तरी त्यांच्या तळाशी जातिभेद होता. पुढे भाऊरावांनी जे उभारले, त्याचे बीज या अनुभवात शोधले तर ते वावगे ठरणार नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. येथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीत जेवत. मुलांचे अन्नदाते अण्णा असले, तरी घर सांभाळले ते लक्ष्मीबाईंनी. मुले त्यांना वहिनी म्हणत. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या जैन गृहिणीने सर्व जातींची मुले पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविली, त्यांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले; अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या पगारपत्रकात त्यांचे नाव कधी नव्हते. हायस्कूल चालविणाऱ्या हातांचा हिशेब मांडताना हे पहिले नाव लिहावयास हवे.

या वसतिगृहातील स्वावलंबन १९४० मध्ये हायस्कुलात आले. साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी माध्यमिक विद्यालय सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही त्याची रीत ठरली. गरीब शेतकऱ्याच्या मुलाने फीऐवजी श्रम द्यायचे. शेतात राबावे, बांधकामाला हात लावावा, स्वयंपाक व स्वच्छता पाळीपाळीने करावी, आणि उरलेल्या वेळात अभ्यास. यावर टीकाही होऊ शकते, नव्हे ती व्हावी. मुलांच्या श्रमावर संस्था चालविणे आणि श्रमाच्या आधाराने मुलाला शिकविणे यांतील सीमारेषा पुसट असते. भाऊरावांच्या बाबतीत ती रेषा कोठे होती, हे त्या मुलांच्या पुढील आयुष्यावरून पाहावे. या वसतिगृहात राहिलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. येथे झाडू हाती घेणे हे कोणा एका जातीचे प्राक्तन राहिले नाही, कारण झाडू सर्वांच्याच हाती होता.

स्वातंत्र्यानंतर अनुदानित हायस्कुले गावोगाव पसरली आणि या कामांना पदे लाभली. १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली यांमुळे लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, नाईक, शिपाई, चौकीदार यांना वेतनश्रेणी, रजा व सेवेची शाश्वती मिळाली. हा मोठाच लाभ होता. संस्थाचालकाच्या मर्जीवर जगणारा गडी आता कर्मचारी झाला. पण त्याबरोबर विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र फळा पुसणे, हजेरीपट कार्यालयात नेणे आणि वर्गप्रतिनिधी म्हणून नावे लिहिणे एवढेच उरले. आठवड्यातून एकदा होणारे श्रमदान हे पुष्कळ ठिकाणी पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीचे काम होऊन बसले.

आता तर पदेच विरत आहेत. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांतील शिपायांच्या नियमित पदांऐवजी ठोक ‘शिपाई भत्ता’ देण्याचे धोरण आले. कार्यरत सेवक निवृत्त झाला की त्याच्याबरोबर त्याचे पदही निवृत्त होते. मग कुलूप उघडणे, पाणी, स्वच्छता, प्रयोगशाळा ही कामे पडतात अल्प मोबदल्यावरील कोणा गरजू माणसावर, किंवा नकळत पुन्हा विद्यार्थ्यांवर. हे स्वावलंबन नव्हे. भाऊरावांच्या विद्यार्थ्याला त्याच्या श्रमाच्या बदल्यात जेवण, निवारा आणि संपूर्ण शिक्षण मिळत होते. आणि ते काम उच्चनीच न मानता सर्वांनीच करावयाचे होते.

आपल्या समाजातील अनेक संस्था हायस्कुले व वसतिगृहे चालवीत आल्या आहेत. त्यांच्या जुन्या पगारपत्रकांत, भांडार-वह्यांत आणि सेवापुस्तकांत या सेवकांची नावे, रुजू झाल्याच्या तारखा आणि सह्या किंवा अंगठे आहेत. बरीच कागदपत्रे वाळवीच्या तोंडी आहेत. वृद्ध सेवकांपैकी काही जण अद्याप हयात आहेत, आणि कोणत्या वर्षी कोणते काम कोणी केले हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याकडे वही घेऊन जाण्यास अजून थोडा अवधी आहे.