बहात्तरचं पोट

परवा ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. बीएमआय 23.8, आणि पुढे हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल'. मी खूश! मग दुसरं पान उघडलं. एचबीएवनसी 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कंबर 94 सेंटिमीटर. वय वर्षं 30. एकच माणूस पहिल्या पानावर नॉर्मल आणि दुसऱ्या पानावर अर्धा आजारी कसा? आपल्या धंद्यात असं झालं की आधी लॉजिक तपासतात. तर या शनिवारी तेच करत बसलो, आणि शोधता शोधता थेट नगरला पोचलो.

नगर म्हणजे अहमदनगर जिल्हा, 2024 पासून अहिल्यानगर. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. गावी जाताना दौंडवरून रेल्वेने गेलात तर तुम्ही एका दुष्काळावरून जाता. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला. त्याचं मातीकाम बरंचसं 1876-78 च्या दुष्काळातल्या उपाशी मजुरांनी केलं. तेव्हा सर रिचर्ड टेंपल या साहेबांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली होती: एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला होता.

दुष्काळावर उपाय म्हणजे पाणी. प्रवरेवरचं भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झालं. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि 1950 साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. बघता बघता जिल्ह्याचा उत्तर भाग साखरेचा झाला. ज्या जिल्ह्याने भूक एवढी पाहिली, तोच आता गोड पिकवायला लागला. आमच्या गावाला ना कालवा, ना ऊस. आमची माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडायला जायची, अजूनही जातात.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. त्यात एक माझी आजी. खडी फोडायला जायची, तेव्हा माझी आई तिच्या पोटात होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर मिळाली तर सुकडी. आई जन्मली तेव्हा "उंदराच्या पिल्लाएवढी होती," असं आजी अजून सांगते.

इथपर्यंत ही आमच्या घरातली गोष्ट. पण जगात दुसरीकडेही ती घडली आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये नाझींनी रसद तोडली आणि उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेली मुलं पुढे 19 व्या वर्षी सैन्यभरतीला आली. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात ज्यांच्या आयांची उपासमार झाली होती, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त निघाला. 1976 साली हा अभ्यास छापून आला. पोटातल्या बाळाने जणू 'बाहेर दुष्काळ आहे' असं धरून सेटिंग लावून टाकलं, आणि बाहेर तर सुबत्ता!

आपल्याकडे हे काम केलं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण चरबी मात्र राखून ठेवलेली. 2004 साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2!

आता माझा बग सापडला. बीएमआयचं गणित क्वेटेले या बेल्जियन माणसाचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याला हे नाव दिलं अँसेल कीज यांनी, आणि कधी? 1972 साली. आजी खडी फोडत होती त्याच वर्षी. त्यांच्या अभ्यासातली मोजमापं पुरुषांची होती, आणि त्यात भारत नव्हता. आता भारतीयांसाठी 23 च्या वर जास्त वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची 90 च्या आत, बायकांची 80 च्या आत हवी. माझ्या रिपोर्टमध्ये जुनाच थ्रेशोल्ड बसवलेला होता, बस्स.

हे मला हसण्यावारी नेता येत नाही. आईचंही असंच झालं. 'अंगाने बारीक, फक्त पोट तेवढं सुटलंय,' म्हणून कुणी साखर तपासलीच नाही. कळलं तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला होता.

एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे कबूल. आणि सगळं बहात्तरवर ढकलूनही चालणार नाही. दिवसाचे नऊ तास खुर्ची आणि पाच गोड चहा हे माझंच कर्तृत्व आहे. पण यात एक चांगली बातमी आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 सालच्या अभ्यासात, माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणं सांभाळलं तर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. तोही सरासरी वजन फारसं न उतरता. म्हणजे काटा हलला नाही म्हणून जिम सोडू नका मंडळी.

आणि हे मोठ्या हॉस्पिटलशिवायही जमतं, हे नगर जिल्ह्यानेच दाखवलंय. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गावातल्या, फारशी शाळा न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या घरोघर जाऊन पोरांची वजनं करायच्या: कोण खंगतंय, कुणाला खायला हवं. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार या दोघांना मिळाला. साधं, ठरल्या वेळी केलेलं मोजमाप आणि ओळखीच्या माणसाने दिलेला सल्ला, एवढंच ते सूत्र. तेव्हा ते भुकेसाठी वापरलं, आता आपण पोटासाठी वापरायचं.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. आजीने तिसरी पुरणपोळी वाढायला घेतली. मी हात आडवा धरला. "का रं लेकरा? पार वाळलाय की," ती म्हणाली. जिने मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, तिला नाही म्हणायचं म्हणजे सोपं काम नाही. मी काहीतरी पुटपुटत होतो, तेवढ्यात आईच म्हणाली, "आई, राहू द्या. मला कुणी वेळेवर अडवलं असतं तर बरं झालं असतं."

आजीने पोळी परत डब्यात ठेवली. मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

दुपारी शिवणाच्या डब्यातली टेप काढून आम्ही तिघांनी कंबर मोजली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. तुमच्याही घरात टेप असेलच. आज शनिवार आहे, घ्या मोजून.