टाचणाची कुळकथा

शिक्षकाच्या टाचणवहीचे, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीचे, रकाने मूळचे जर्मनीचे, हे वणीतल्या एखाद्या गुरुजींना सांगितलं तर ते हसतील. पण कुळी शोधायची तर योहान हर्बार्टपासूनच (1776–1841) शोधावी लागते. मुलाला आधी जे ठाऊक असतं त्याला नवं जोडलं तरच ते रुजतं, असं या तत्त्वज्ञाचं म्हणणं. त्याने शिकवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, अनुयायांनी पाच केल्या. येना विद्यापीठातल्या विल्हेल्म राइनने तर त्यांचा साचाच पक्का केला. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांनी ती 'पंचपदी' पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतली: पूर्वतयारी, निवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. कविता असो की भागाकार, पायऱ्या त्याच आणि टाचणाचे रकानेही तेच!

टाचणाला दुसरा वाचक मिळाला तो तपासनिसाचा. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखातं उभं राहिलं, त्याबरोबर शाळा तपासणारे अधिकारी आले. मग वही मुलांसाठी कमी आणि साहेबांसाठी जास्त लिहिली जाऊ लागली. वहीवर सही आणि 'पाहिले' हा शेरा आला की काम झालं. काय पाहिलं, ते कुणी विचारत नसे.

शिक्षणतज्ज्ञ ब्लूमचं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण 1956 मध्ये आलं आणि ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे आणखी रकाने वाढले. पुढे एकेका कौशल्याचा छोट्या पाठातून सराव करवणाऱ्या सूक्ष्म अध्यापनाने निरीक्षकाच्या हातात श्रेणीचा तक्ता दिला. प्रश्न विचारण्याचं कौशल्य? सातपैकी पाच. पण पाचाचे सहा कसे व्हावेत, हे त्या आकड्याला सांगता येत नव्हतं.

2015 मध्ये आलेल्या शाळासिद्धी या शाळा-मूल्यमापनाच्या चौकटीने आकड्याच्या जागी वाक्य ठेवलं. सात क्षेत्रं, 46 गाभा मानकं आणि प्रत्येक मानकाच्या तीन स्तरांचं वर्णन. शिक्षकाचं पाठनियोजन हे त्यातलंच एक मानक. याच बांधणीला आता सगळे रुब्रिक म्हणतात. पण शाळासिद्धी शाळेला मोजते, एकेका टाचणाला नाही. टाचणाचं रुब्रिक शिक्षकांनीच बसून करावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

समजा, वणीतल्या चौथीच्या वर्गात पाव आणि अर्धा शिकवायचा आहे. 'पूर्वज्ञान' या निकषाचा पहिला स्तर: मागच्या इयत्तेतल्या घटकाचं नाव लिहिलं आहे. दुसरा: बाजारात पावकिलो मिरची आणणाऱ्या मुलांना विचारायचे दोन प्रश्न लिहिले आहेत. तिसरा: मूल पावाला अर्ध्यापेक्षा मोठा म्हणालं (दोनापेक्षा चार मोठे ना!), तर पुढे काय करायचं, तेही लिहिलं आहे. असा तक्ता समोर असला की नवख्या बाईंनाही आपली वही कुठे अडली ते साहेबांविना कळतं. 'पूर्वज्ञानाचा उत्तम वापर' असल्या शब्दांनी स्तर लिहिले, तर मात्र तो जुना शेराच, फक्त लांबवलेला.

यावर पळवाट निघणारच. पीडीएफमधलं तयार टाचण उतरवून काढणारे दुसऱ्या स्तरापर्यंत बिनबोभाट पोचतील. तिसऱ्यावर अडतील, कारण आपल्या वर्गातलं कोणतं पोर कुठे चुकतं, हे पीडीएफवाल्याला ठाऊक नसतं. केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी वह्यांची अदलाबदल करून एवढा एकच निकष तपासला, तरी दुपार पुरायची नाही.