काळा घोडा आणि पुण्याचा घोडा

शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. आपण पुणेकर त्या बाजूने जातो-येतो, आणि रोजचाच म्हणून तो पाहत नाही. एकदा थांबा आणि स्वतःला विचारा : पुतळा महाराजांचा खरा, पण ही कला कुणाची?

आपल्याकडे मूर्ती देवळात असे. घोड्यावर बसलेला राजा ब्राँझमध्ये ओतून उघड्यावर उभा करायचा, ही रीत युरोपची. इकडे ती इंग्रजांनी आणली. मुंबईचा काळा घोडा १८७९ सालचा. त्याच्यावर बसलेत ते सातवे एडवर्ड, तेव्हाचे युवराज. आता गंमत पाहा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मनावर घेऊन पुण्यास शिवस्मारक योजले, आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये त्याची कोनशिला बसवली कुणी? त्याच एडवर्डांच्या नातवाने! त्याच सुमारास मुंबईत त्या युवराजांच्या स्वागतावर बहिष्कार होता, दंगे पेटले होते. म्हणजे स्वराज्य स्थापणाऱ्याचे स्मारक, आणि पहिला दगड परक्या राजपुत्राच्या हातचा. पुढे १९२८ साली अनावरणही गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनीच केले.

पण मधले काम आपल्या माणसाचे. विनायक पांडुरंग करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. घरात गणपती घडवले जात. माती मळण्याचे पहिले धडे तिथलेच. गावच्या देवळाच्या भिंतीवर या पोराने काढलेले शिवाजीचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले, आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट दाखवली. पुढे लंडनची रॉयल अकॅडमी. परतल्यावर हा पुतळा. तो माझगाव डॉकमध्ये ओतला आणि आगगाडीने पुण्यास आणला.

परक्याचे तंत्र घेऊन आपले म्हणणे मांडता येते का, हा पेच काही आपलाच नव्हे. आफ्रिकेत नायजेरियाचे शिल्पकार बेन एन्वोन्वू यांचीही हीच कथा. वडील परंपरागत मूर्तिकार, मुलगा लंडनच्या स्लेड स्कूलचा. त्यांनी एलिझाबेथ राणीचा पुतळा केला, आणि लागोसच्या संग्रहालयासाठी ‘अन्यान्वू’ही केली. ती उगवत्या सूर्यासारखी वर झेपावणारी स्त्री आहे. अंगावरचा साज मात्र जुन्या बेनिन राज्याचा. त्याच बेनिनच्या ओतीव मूर्ती इंग्रजांनी १८९७ साली लुटून नेल्या होत्या. नायजेरिया स्वतंत्र झाला १९६० साली. ‘अन्यान्वू’ त्याच्याही आधीची!

मला विचाराल तर दोघांत फरक आहे. एन्वोन्वूंनी मनुष्याकृतीच ताणून बदलली. करमरकरांनी ते केले नाही. वेरूळचे शिल्प त्यांच्या घोड्यात शोधू नका, सापडायचे नाही. शरीररचना लंडनच्या शिस्तीची, विषय तेवढा आपला. कुणी याला अनुकरण म्हणेल. म्हणोत बापडे. ज्या मापाने साहेब आपले राजे मोठे दाखवीत होता, त्याच मापाने आपला राजा त्यांच्या डोळ्यांदेखत उभा करणे ही १९२८ साली लहान गोष्ट नव्हती.

पण नुसते राजे पाहून करमरकर कळत नाहीत. ते १९६७ साली वारले. सासवण्याच्या त्यांच्या घरी त्यांची शिल्पे जपलेली आहेत. तिथे कोळ्याची पोर आहे, आणि एक म्हैस आहे. अलिबागेस गेलात तर ती म्हैस जरूर पाहा.