दिव्याचा उजेड, कागदाचा उजेड

तिन्हीसांजेला एका हातांत दिवा घेऊन, दुसऱ्या हातानें ज्योत झांकीत माजघरांतून देवघराकडे जाणारी गृहिणी, वीज येण्यापूर्वीं यवतमाळच्या वाड्यांत काय किंवा सावंतवाडीच्या घरांत काय, कोणीं पाहिली नसेल? तसाच एक क्षण सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनीं १९४५-४६ च्या सुमारास चितारला. तें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. त्याच्या छापील प्रती घरोघर गेल्या. मात्र त्याबरोबर नांव पुष्कळदां घेतलें जातें तें राजा रविवर्मा यांचें!

रविवर्मा १९०६ सालींच निवर्तले. एवढ्यानेंच वाद मिटावयास हवा होता. पण मला वाटतें, सन ठाऊक नसला तरी डोळ्यांनीं तो मिटतो. रविवर्म्यांचीं गाजलेलीं चित्रें तैलरंगांतलीं, हें जलरंगांतलें. तैलरंगांत अंधार आधीं घालून उजेड शेवटीं जाड रंगानें वर ठेवतां येतो. चुकल्यास खरवडतां येतें. पारदर्शक जलरंगांत उजेड म्हणजे कोरा कागदच. जेथें प्रकाश हवा तेथें कुंचला आवरावयाचा, आणि त्याच्याभोंवतीं खोलीचा काळोख पातळ लेपांनीं चढवीत न्यावयाचा. ओला लेप पुन्हां चाळवला कीं रंग गढूळ झालाच! म्हणून येथें मनगट सैल लागतें. सावलीच्या कडा रेखीत न बसतां त्या पाण्यालाच विरघळवूं द्याव्या लागतात. ज्योतीआडच्या बोटांतून पाझरणारी लाली पाहा; ती वरून लावलेली नाहीं, खालच्या कागदानें दिलेली आहे. छापखान्यांत नेमका हाच भेद पुसला जातो, आणि चुकीच्या नांवाला वाट मिळते.

असें इतरत्रहि घडलें आहे. मेणबत्तीच्या उजेडांत हाताची तांबूस पारदर्शकता रंगविणारा सतराव्या शतकांतील फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर विस्मृतींत गेला होता. त्याचीं चित्रें इतरांच्या नांवावर होतीं. १९१५ सालीं हेर्मान फॉस या जर्मन पंडितानें त्याचीं त्याला परत दिलीं. हळदणकरांना एवढा शोध लागावा याचें कारण नाहीं. १८८२ सालीं सावंतवाडीस जन्मलेले, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकलेले, १९०८ सालीं स्वतःची कलासंस्था काढणारे हे गृहस्थ १९६८ पर्यंत हयात होते.

आणि साक्षीदारहि घरचीच होती. दिवा धरून उभी राहिली ती त्यांचीच कन्या, गीता. शंभरी ओलांडून त्या २०१८ सालीं कोल्हापुरास वारल्या.