रक्तदाब आणि हृदयातील ग्राहक

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींचा अर्क टोचला असता प्राण्याचा रक्तदाब झपाट्याने चढतो, हे ऑलिव्हर व शेफर यांनी १८९५ च्या सुमारास लंडनमध्ये दाखविले. त्या अर्कातील सत्त्व म्हणजे अॅड्रिनॅलिन. हे एकच द्रव्य हृदयाला धावावयास लावते आणि आतड्याला मात्र थांबविते, हे कोडे पुढे अर्धशतक सुटले नाही.

ते सोडविले अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी. सहा द्रव्यांचे निरनिराळ्या अवयवांवरील परिणाम ताडून पाहता, अॅड्रिनॅलिनचे ग्राहक दोन जातींचे असावेत, आल्फा आणि बीटा, व हृदयातील ते बीटा, असे त्यांना दिसले. (ग्राहक म्हणजे येथे गिऱ्हाईक नव्हे; द्रव्याचा निरोप स्वीकारणारी पेशीवरील जागा.) एका नियतकालिकाने त्यांचा निबंध नाकारला, दुसऱ्याने तो १९४८ साली छापला. त्याचे मोल ओळखले ते स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. हृदयशूळाच्या रोग्याला अधिक प्राणवायू पुरविण्यापेक्षा हृदयाची मागणीच कमी करावी, हा त्यांचा विचार. त्यातून बीटा ग्राहक अडविणारे प्रोप्रॅनोलॉल निघाले, आणि त्याने रक्तदाबही उतरतो असे प्रिचर्ड यांनी १९६४ मध्ये नोंदविले.

रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला राहिला की हृदयाची भिंत जाड होते, आणि पुढे ते थकू लागले की मज्जातंतू त्याला अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचे चाबूक अधिकच मारतात. हृदय काय करते? आपले दरवाजेच मिटून घेते. निकामी झालेल्या मानवी हृदयांत बीटा ग्राहक सुमारे निम्मेच उरलेले असतात, असे ब्रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८२ मध्ये आढळले.

अशा दुबळ्या हृदयाला उरलेला आधारही तोडणारे औषध द्यावयाचे, ही कल्पना वैद्यांना क्रूरच वाटे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे वागस्टीन आदींनी १९७५ साली ते धाडस केले आणि रोगी सुधारले; तरीही पाठ्यपुस्तके निषेधच सांगत राहिली. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, तेव्हा कोठे शंका मावळल्या. मधल्या चोवीस वर्षांत किती जण या उपचाराविना गेले असतील, कोण जाणे.

औषधाच्या आडोशाला विसावलेल्या हृदयात कित्येकदा ग्राहक पुन्हा वाढतात. म्हणूनच ते औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे; वाढलेल्या ग्राहकांवर अॅड्रिनॅलिन मग दुप्पट जोराने तुटून पडते.